चकमकीची पहिली बंदूक कशी निवडावी: नाशिककर नवख्यांसाठी

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीच्या छंदाकडे नव्याने वळणारा माणूस सहसा दोन गोष्टींना भुलतो, एक म्हणजे लांबलचक नळी आणि दुसरी म्हणजे दस्त्यावरची पितळी नक्षी. चकमकीच्या बंदुकीत आपला पैसा सार्थकी लागला की नाही हे मात्र या दोहोंवरून ठरत नाही. ते ठरते उजव्या अंगाला बसवलेल्या कळीवरून, म्हणजे घोडा, त्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी, तिच्यासमोरची पोलादी पट्टी, रंजकाचा, म्हणजे आग लावणाऱ्या बारीक दारूचा, पेला आणि आत दडलेल्या कमानी यांच्या जुळणीवरून. साधी नळी आणि चांगली कळ असलेली बंदूक नवख्याला वर्षानुवर्षे साथ देते; उत्तम नळीला मठ्ठ कळ जोडलेली असेल, तर पहिल्याच दिवशी चारपैकी तीन बार फुसके जातात आणि माणूस छंदालाच रामराम ठोकतो. म्हणून या लेखात परवाना, नळी, दस्ता, दारू अशा सर्व बाबी क्रमाने घेतल्या असल्या, तरी सर्वांत जास्त जागा कळीला दिली आहे.

वाचक दोन प्रकारचे गृहीत धरले आहेत. एक म्हणजे नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात राहणारा, कायदेशीर परवाना काढून ठासणीची बंदूक बाळगू इच्छिणारा. दुसरा म्हणजे मूळ नाशिकचा, पण आता अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला आणि तेथील नेमबाजी क्लबात ही बंदूक प्रथमच हाती घेतलेला. बंदूक पारखण्याची रीत दोघांनाही सारखीच आहे. कायदा आणि बाजारातील उपलब्धता मात्र अगदी वेगळी आहे.

ठासणीच्या बंदुकांचे तीन मुख्य प्रकार ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला टेकते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकीत छोटी तांब्याची टोपी ठेचली जाते आणि तिच्यातील स्फोटक मसाला पेट घेतो. खऱ्या अर्थाने पूर्णत्वाला गेलेली चकमकीची कळ १७ व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तयार झाली आणि १८४० च्या सुमारास टोपीने तिची जागा घेईपर्यंत युरोपातील सैन्यांनी तीच वापरली. आपल्याकडे महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन्या या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींसाठी आग्र्यात अशा बंदुका घडवल्या जात होत्या. आज आपल्याकडील परवानाधारक दुकानांत ठासणीची बंदूक मागितली, तर बहुतेक वेळा टोपीचीच पुढे येते, हे नाशिकच्या खरेदीदाराने आधीच जाणून असावे.

आधी परवाना, मग बंदूक

नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याने पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात राहणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. या विषयाला शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. सर्वसाधारण अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, अर्ज विहित नमुन्यात करावा लागतो, पोलीस पडताळणी होते आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ज्याच्याकडे आधीच दोन परवानाप्राप्त बंदुका आहेत, त्याच्या बाबतीत हौसेची तिसरी बंदूक हा विषय तेथेच संपतो.

‘बंदूक दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची आहे, मग तिला परवाना कशाला’ हा समज गावोगावी आढळतो आणि तो चुकीचा आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ते शस्त्र आहे तसे किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ही अट त्याला जोडलेली आहे. कारखान्यातून नवी निघालेली, बार उडवू शकणारी चकमकीची बंदूक या सुटीत बसूच शकत नाही. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकातल्या एखाद्या वाड्याच्या भिंतीवर पणजोबांची बंदूक टांगलेली असेल आणि तिची नळी व कळ शाबूत असेल, तर तीही या सुटीत बसेल असे गृहीत धरू नये. आधी परवाना शाखेत लेखी विचारणा करावी.

शेतकऱ्यांसाठी कलम १३ मध्ये वेगळी तरतूद आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला आणि त्याला हरकत घेण्यासारखे अन्य कारण नसेल, तर परवाना द्यावा असा त्या कलमाचा रोख आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या बाजूंना रानडुकरांचा उपद्रव ज्यांना आहे, त्यांच्या उपयोगाची ही तरतूद आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वन्यप्राण्याला मारण्यासाठी वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आवश्यक असते, त्यामुळे अशा अर्जाला वेळ अधिक लागतो.

परवाना हाती आला की त्यावर बंदुकीचा प्रकार काय लिहिला आहे ते नीट वाचावे. एकनळी ठासणीच्या बंदुकीसाठी ‘एसबीएमएल’ हे संक्षिप्त रूप सर्रास वापरले जाते. परवान्यावर एक प्रकार आणि हातात दुसरी बंदूक असे झाले, तर ती चूक दुकानदाराची असली तरी झळ परवानाधारकालाच बसते. परदेशातील भावाने किंवा मुलाने येताना सामानात बंदूक आणावी, असा विचार तर मनातही आणू नये. शस्त्राच्या आयातीला कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो आणि सर्वसामान्य नागरिकाला तो मिळणे फार कठीण आहे.

परदेशात राहणाऱ्या वाचकांची परिस्थिती निराळी आहे. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी, आधुनिक काडतूस वापरू न शकणारी ठासणीची बंदूक सर्वसाधारणपणे पुराणशस्त्र गणली जाते, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि तेच आधी पाहावेत. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हिवाळ्यात केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी राखीव शिकार हंगाम चालतो, त्यामुळे तेथे अशा बंदुका व त्यांचे जाणकार दोन्ही सहज सापडतात. कॅनडात चकमकीच्या लांब बंदुकीची नवी प्रतिकृतीसुद्धा पुराणशस्त्राच्या व्याख्येत बसते, टोपीच्या बंदुकीची नवी प्रतिकृती मात्र बसत नाही. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या प्रमाणपत्राबरोबरच काळ्या दारूसाठी वेगळा स्फोटक दाखला काढावा लागतो.

कारखान्यातील बंदूक कोणाची

कारागिराने एकेक भाग हाताने बसवलेली बंदूक आणि कारखान्यात साच्यातून निघणारी बंदूक यांत किमतीचे अंतर मोठे असते. पहिल्या खरेदीला कारखान्यातील बंदूक घेण्यात गैर काहीच नाही. तिचे सुटे भाग मिळतात, तिच्याबरोबर सूचनापुस्तिका येते आणि नळीची चाचणी झालेली असते.

परदेशी बाजारात तीन नावे वारंवार पुढे येतात. इटलीच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथील डेव्हिडे पेडेरसोली हा १९५७ मध्ये स्थापन झालेला कारखाना ब्राऊन बेस आणि शार्लव्हिल या लष्करी बंदुकांपासून केंटकी व फ्रंटियर या रायफलींपर्यंत बरेच काही बनवतो. इटलीतील इन्व्हेस्टआर्म या कारखान्याने लायमन कंपनीसाठी अनेक वर्षे ‘ग्रेट प्लेन्स’ रायफल तयार केली. ती आता वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात शोधावी लागते, पण शोधण्याचे श्रम वाया जात नाहीत. स्पेनमधील आर्देसाच्या बंदुका अमेरिकेत ट्रॅडिशन्स या नावाने विकल्या जातात आणि किमतीने सर्वांत हलक्या असतात. ट्रॅडिशन्सच्या केंटकीचा दस्ता दोन तुकड्यांचा आहे आणि जोडावर पितळी पट्टी आहे, म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. माझ्या मते त्या जोडाने नवख्याचे काहीच बिघडत नाही. बिघडलेच तर त्या किमतीत बसवलेल्या कळीने बिघडते, आणि म्हणून अशा बंदुकीची कळ दुप्पट काळजीने पाहावी.

भारतात परवानाधारक कारखान्यांची परंपरा बिहारमधील मुंगेरला मोठी आहे. आपल्याच देशात बनलेल्या चकमकीच्या मस्केटच्या प्रतिकृती उत्तर अमेरिकेतही विकल्या जातात, मात्र त्यांतील अनेकींच्या नळीला कान, म्हणजे रंजकाची आग आत नेणारे छिद्र, पाडलेलेच नसते. त्या शोभेच्या वस्तू म्हणून रवाना होतात आणि छिद्र पाडून घेणे खरेदीदारावर सोडलेले असते. अशी बंदूक स्वस्त पडते, दिसतेही झकास; पण नळीवर चाचणीचा शिक्का नसेल तर ती भिंतीवरच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाचणीचा शिक्का ही फालतू औपचारिकता नव्हे. नेहमीपेक्षा जड बार भरून नळी सरकारमान्य चाचणीगृहात उडवली जाते आणि ती टिकली तरच तिच्यावर ठसा उमटतो. इटालियन नळीवर ‘पीएन’ ही अक्षरे दिसतात, ती काळ्या दारूच्या चाचणीची खूण होय. स्पेनमध्ये एईबारचे, इंग्लंडमध्ये लंडन व बर्मिंगहॅमचे चाचणीगृह हे काम करते. भारतीय बंदूक घेताना निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक आणि चाचणीचा ठसा नळीवर आहेत ना, हे पाहून मगच बिल करण्यास सांगावे.

कळीची पारख

घोडे पेंड खाते ते येथेच. कळ पाहण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी. गज, म्हणजे बार ठासण्याची लांब काठी, नळीत टाकून तळाशी टेकू द्यावा, तोंडाशी बोटाने खूण धरावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून त्याचे टोक कानाच्या पातळीपर्यंत पोहोचते का ते पाहावे. गज दोन-तीन बोटे अलीकडेच अडत असेल, तर आत काहीतरी आहे असे समजून बंदूक दुकानदाराकडे परत द्यावी. जवळपास दारू, उदबत्ती किंवा विडी-सिगारेट नको, आणि मालकाच्या परवानगीशिवाय घोडा सोडू नये.

प्रथम घोडा अर्ध्यावर चढवावा आणि चाप चांगला दाबून पाहावा. घोडा हलता कामा नये. हललाच तर ती बंदूक इतर सर्व बाबतींत कितीही देखणी असली तरी नाकारावी. नंतर घोडा पूर्ण चढवून मागून अंगठ्याने हलकेच पुढे रेटावा. तेव्हाही तो सुटू नये. चाप ओढल्यावर तो एकाच स्वच्छ झटक्यात सुटावा, वाटेत खरखर किंवा अडखळ जाणवू नये. दोन चाप असलेल्या बंदुकीत मागचा चाप ओढून पुढचा हलका करता येतो. ही सोय सुखाची असली, तरी नवख्याने आरंभी साध्या एका चापाची बंदूक घेतली तर हात लवकर बसतो.

आता गारगोटी आणि ती जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, जिला कारखानदार फ्रिझन म्हणतात, यांच्याकडे वळू. ठिणगी ही गारगोटीची नसते. वस्तऱ्याने दाढी खरवडावी तशी गारगोटीची धार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते आणि ते कणच हवेत पेटतात. म्हणून फ्रिझन कठीण हवे, पण इतकेही नको की धार त्यावरून नुसती घसरून जावी. घोडा अर्ध्यावर असताना गारगोटीची धार बंद फ्रिझनच्या अगदी जवळ असावी, पण टेकलेली नसावी. धार डावी-उजवीकडे तिरपी न राहता पट्टीच्या पूर्ण रुंदीला समांतर बसलेली असावी. घोडा सावकाश खाली आणल्यावर धारेने पट्टीच्या वरच्या भागाला स्पर्श करून खालपर्यंत खरवडत यावे आणि शेवटी तिचे टोक पेल्याच्या मध्याकडे झुकलेले दिसावे. ते पेल्याच्या पुढे किंवा नळीकडे रोखलेले असेल, तर घोड्याची घडणच चुकलेली आहे आणि ती गारगोटी बदलून सुधारत नाही.

यानंतरची परीक्षा अर्ध्या अंधारात करायची असते. दुकानाच्या आतल्या खोलीत, दिवा मालवून, रिकाम्या पेल्यावर फ्रिझन बंद करावे, नळी सुरक्षित दिशेला रोखावी, डोळ्यांवर चष्मा असू द्यावा आणि घोडा सोडावा. चांगल्या कळीतून पांढुरक्या, टपोऱ्या ठिणग्यांचा झोत सरळ पेल्यात पडतो, काही ठिणग्या पेल्याच्या तळाशी क्षणभर नाचतात आणि बारीक चर्र आवाज कानाला येतो. मठ्ठ कळीतून तांबूस, बारीक ठिणग्या निघतात आणि त्या पेल्यापर्यंत पोहोचण्याआधीच विझतात, किंवा झोत नळीच्या अंगाला जाऊन पडतो. ही परीक्षा एकदा करून थांबू नये. सलग आठ-दहा वेळा करावी, कारण एखादी ठिणगी कोणतीही कळ देते. दर वेळी फ्रिझन पूर्ण उघडून मागे पडते का, की कमानीच्या धक्क्याने परत उसळून गारगोटीवर आदळते, हेही पाहावे. उसळणारे फ्रिझन गारगोट्या फोडत राहते.

परीक्षेनंतर फ्रिझनच्या पृष्ठभागावर बोट फिरवावे. बारीक उभ्या रेषा दिसणे स्वाभाविक आहे, पण नखाला जाणवतील अशा खोल खाचा पडल्या असतील तर पोलाद मऊ आहे. मऊ फ्रिझन पुन्हा कठीण करून घेता येते, पण नव्या बंदुकीसाठी पूर्ण किंमत मोजून हा उद्योग गळ्यात घेण्याचे कारण नाही. ठिणग्या कमी पडल्या म्हणून लगेच कळीलाही दोष देऊ नये. आधी गारगोटी पाहावी. कारखाने पुष्कळदा बंदुकीबरोबर करवतीने कापलेला अकीकाचा तुकडा देतात. तो दिसायला सुबक असतो, पण त्याची धार तासलेल्या काळ्या इंग्रजी किंवा मधाळ रंगाच्या फ्रेंच गारगोटीसारखी तीक्ष्ण नसते आणि फ्रिझनही लवकर झिजवतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात अकीक व त्याच्या जातीचे दगड मिळतात आणि त्यांतून ठिणगीही पडते; मात्र बंदुकीच्या जबड्यात ते टिकाऊ धार देतीलच असे नाही, त्यामुळे त्यांवर विसंबून बंदुकीची पारख करू नये. गारगोटी जबड्यात नुसती धरायची नसते. चामड्याच्या पातळ तुकड्यात, आणि मोठ्या लष्करी बंदुकीत शिशाच्या पत्र्यात, गुंडाळून घट्ट आवळायची असते.

शेवटी पेला आणि कान. पेला नळीला इतका चिकटून बसावा की मध्ये कागद सरकू नये, नाहीतर रंजक त्या फटीतून गळते. फ्रिझन बंद असताना पेल्याच्या कडेने उजेड दिसू नये. कानाचे छिद्र साधारण दीड ते दोन मिलिमीटरचे असावे आणि त्याचा मध्य पेल्याच्या वरच्या काठाच्या पातळीत किंवा किंचित वर असावा. छिद्र पेल्याच्या तळाशी असेल, तर ते रंजकाने बुजते आणि वातीसारखे हळूहळू जळत आत जाते. चाप ओढल्यावर आधी ‘फुस्स’ आणि मग ‘धडाम’ असे दोन आवाज वेगळे ऐकू येतात ते त्यामुळेच. चांगल्या बंदुकीत ते दोन्ही जवळजवळ एकच ऐकू येतात. कान बदलता येईल अशा आट्यांच्या बुचात असेल, तर उत्तम. झिजल्यावर तेवढेच बदलता येते.

नळी: व्यास आणि पीळ

आट्यांची, म्हणजे आतून पिळाच्या खाचा पाडलेली, नळी घ्यावी की गुळगुळीत, हे बंदुकीचा उपयोग ठरवतो. गुळगुळीत नळीतून गोळी आणि छर्रे दोन्ही चालतात, पण ५० मीटरपलीकडे तिच्याकडून अचूकतेची अपेक्षा करू नये. परदेशी स्पर्धांत चकमकीच्या गुळगुळीत लष्करी बंदुकीचा ‘मिकेलेट’ हा प्रकार उभ्याने ५० मीटरवरच खेळला जातो. आट्यांच्या नळीने सरावलेला नेमबाज १०० मीटरवरही चांगला नेम साधतो. भारतीय परवान्यात मात्र रायफल आणि गुळगुळीत नळीची बंदूक हे वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे नाशिकच्या खरेदीदाराला या बाबतीत निवड सहसा उरत नाही.

ज्याला निवड आहे, त्याने पहिल्या रायफलीसाठी ०.५० इंच व्यास घ्यावा. त्याच्या गोळ्या, साचे आणि चिंध्या सर्वत्र मिळतात आणि धक्काही बेताचा असतो. ०.३२ आणि ०.३६ इंचाच्या नळ्या दारू कमी खातात हे खरे, पण त्या लवकर काजळतात आणि त्यांचे गज नाजूक असतात.

आट्यांचा पीळ हा विक्रेते ज्यावर सर्वांत कमी बोलतात तो मुद्दा आहे. ६० ते ६६ इंचांत एक फेरा घेणारा सावकाश पीळ चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असतो. २८ ते ३२ इंचांतला जलद पीळ लांबट गोळीसाठी असतो. ४८ इंचांचा पीळ दोहोंची तडजोड आहे. ट्रॅडिशन्सच्या केंटकीला साडेतेहतीस इंची नळी आणि ६६ इंचांचा पीळ आहे, तर त्याच कंपनीच्या डिअरहंटरला आखूड २४ इंची नळी आणि ४८ इंचांचा. गोल गोळीच उडवायची असल्यास सावकाश पीळ घ्यावा. चकमकीच्या बंदुकीत जलद पीळ घेऊन लांबट गोळी उडवण्याची हौस पुरवता येते, पण पहिल्या बंदुकीत त्या वाटेला जाऊ नये.

वजन आणि माप यांबाबत थोडक्यात सांगायचे तर बंदूक खांद्याला लावून, डोळे मिटून, पुन्हा उघडावेत. नजर आपोआप निशाणाच्या रेषेत आली पाहिजे. ब्राऊन बेस चार किलोंहून जड आणि जवळजवळ पाच फूट लांब असते. ती गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधील गोदरेजच्या कपाटात आडवी मावत नाही आणि उभी ठेवायची तर सगळे खण काढावे लागतात. कुलपात ठेवण्याची जागा आधी मोजावी, मग नळीची लांबी ठरवावी. डावखुऱ्यांनी उजव्या कळीची बंदूक घेतली, तर रंजकाचा भडका चेहऱ्यासमोर होतो. डाव्या कळीचे नमुने काही कारखाने बनवतात, ते मागवावेत.

वापरलेली बंदूक

वापरलेल्या बंदुकीत गजाची परीक्षा तर करावीच, कारण वर्षानुवर्षे भरून ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका आजही सापडतात. शिवाय घट्ट बसणारी चिंधी गजाला लावून नळीभर सावकाश फिरवावी. एखाद्या ठिकाणी ती अचानक सैल सरकली, तर तेथे नळी फुगलेली आहे. गोळी तळापर्यंत न ठासता मध्येच राहून बार उडवला की असे होते. अशी बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नये. भारतात खासगी व्यक्तीकडून बंदूक घेताना विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘पैसे आज द्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

दारू आणि सोबतचे साहित्य

चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूंना पेट घेण्यास जास्त उष्णता लागते, त्यामुळे त्या टोपीच्या बंदुकीत चालल्या तरी चकमकीत दगा देतात. आधुनिक बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत चिमूटभरही घालू नये, कारण ती नळीच्या चिंध्या करते. तीच गत सुतळी बॉम्ब किंवा अन्य फटाक्यांतील दारूची. तिचा वेग वेगळा, दाब वेगळा आणि परिणाम हात जाण्यापर्यंतचा. घरी दारू तयार करणे हा स्फोटकांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणात, परवानाधारक विक्रेत्याकडूनच ती घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. नळीत भरायची दारू जाड दाण्याची आणि पेल्यातील रंजक बारीक दाण्याचे असते. बाराचे प्रमाण कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्यापासून सुरू करावे.

दारू भांड्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. मागच्या बारातील एखादी ठिणगी आत धुमसत असेल, तर हातातले सगळे भांडेच पेटते. त्यासाठी वेगळे माप घ्यावे. मापाबरोबर रंजक टाकण्याची छोटी कुपी, कान साफ करण्याची तार, गोळी परत काढण्याचा स्क्रू, सुटी तासलेली गारगोटी, जाड विणीची सुती चिंधी, डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे बोळे एवढे साहित्य बंदुकीबरोबरच खरेदीच्या यादीत धरावे. हे सर्व नंतर एकेक करून जमवायला गेल्यास पहिला महिना दुकानांच्या खेपा घालण्यात जातो.

नाशिकच्या हवेबद्दल वेगळे सांगायला हवे. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते आणि जून ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत रात्रभर तशीच राहिलेली नळी सकाळी तांबूस दिसते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या पावसाळी पट्ट्यात तर हे आणखी लवकर घडते. म्हणून खरेदी करतानाच पाहावे की कळ दोन-तीन स्क्रू काढून सहज उतरते का. जी कळ उतरवताना लाकूड ओरबाडले जाते, ती बंदूक पावसाळ्यात नीट साफ होत नाही. बार उडवला त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने नळी धुवावी, कोरडी पुसावी आणि तेलाचा पातळ हात द्यावा. पुढच्या वेळी बार भरण्यापूर्वी ते तेल व विशेषतः फ्रिझनवरचा तेलाचा अंश पूर्ण पुसून काढावा, कारण तेलकट फ्रिझनवर ठिणगी पडत नाही.

पहिली चाचणी आणि परत करण्याचा हक्क

बंदूक मान्यताप्राप्त रेंजवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली उडवावी. देवळालीकडचा तोफखान्याचा सरावाचा इलाखा लष्करी आहे. ‘तिकडे मोकळे माळरान आहे’ म्हणून तेथे जाण्याचा विचार करू नये. लग्नात, दसऱ्याला किंवा मिरवणुकीत आनंदाने बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

रंजक पेटले आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावे, कारण आग कानातून सावकाश आत जात असण्याची शक्यता असते. त्यानंतर तारेने कान मोकळा करून नवे रंजक घालावे. नव्या, तीक्ष्ण गारगोटीने, कोरड्या दिवशी, स्वच्छ कानासह वीस बारांत दोन-तीन फुसके जाणे कारखान्याच्या बंदुकीत चालून जाते. त्याहून अधिक फुसके जात असतील, तर प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत लिहावे: ठिणगी पडली नाही, ठिणगी पडली पण रंजक पेटले नाही, की रंजक पेटले पण बार उडाला नाही. पहिला दोष फ्रिझनचा किंवा गारगोटीचा, दुसरा बहुधा घोड्याच्या कोनाचा किंवा ओलसर रंजकाचा, तिसरा कानाचा. ही टिपणे, बिल आणि हमीपत्र घेऊन विक्रेत्याकडे जावे. त्याआधी फ्रिझनला कानस लावणे, कान ड्रिलने मोठा करणे किंवा कमानी तासणे यांपैकी काहीही करू नये. असे बदल केल्यावर बहुतेक हमीपत्रे निकामी होतात आणि भारतात बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते.